उजव्या पानावरची तिसरी ओळ

४ ऑगस्ट

महोदय,

सलाम. तुमची माझी ओळख नाही, म्हणजे तुमची माझ्याशी नाही. माझी तुमच्याशी बत्तीस वर्षांची आहे, फक्त मला ती परवा कळली. हे वाचून पत्र टोपलीत टाकणार असाल तर आणखी चार ओळी थांबा.

मी पुस्तकं बांधते. वडिलांचं दुकान आता मीच चालवते, आणि सरसाच्या वासामुळे अख्खी गल्ली मला सरसबाई म्हणते. चर्चची बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही सध्या माझ्या टेबलावर आहे, आणि ती तुमच्यामुळेच आली आहे. गेल्या महिन्यात तुम्ही बाप्तिस्म्याचा दाखला मागवलात. कारकुनाने वही उघडली तर तिचा कणाच त्याच्या हातात आला. तुमच्या नावासमोरचं पान जागेवर नव्हतं, म्हणून त्याने धर्मपिता आणि धर्ममाता या दोन रकान्यांत रेघा मारून दाखला पाठवून दिला.

सुटलेली दोन पानं नंतर कपाटामागे सापडली. या वहीत डाव्या पानावर मुलाचं नाव, आईवडील आणि तारीख असते; उजव्या पानावर त्याच ओळीत धर्मपिता, धर्ममाता आणि फादरांची सही. मी पानं लावली. डावीकडे तिसऱ्या ओळीत तुम्ही होता. उजवीकडे तिसऱ्या ओळीत, धर्ममातेच्या रकान्यात, मी.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. बांधलेली गाण्यांची पुस्तकं पोचवायला चर्चमध्ये गेले होते. एका बाळाचा बाप्तिस्मा अडून बसला होता, कारण ठरलेल्या धर्ममातेची गाडी चुकली होती. फादर म्हणाले, तू उभी राहा. मी उभी राहिले. त्यांनी तीन प्रश्न विचारले, मी तीनदा ‘होय’ म्हटलं. बाळ पांढऱ्या शालीत गुंडाळलेलं होतं. माझ्या बोटांना सरस होता, शाल बोटाला चिकटली आणि सोडवताना बाळ शिंकलं. ते मुलगा होतं की मुलगी, हेही मी पाहिलं नाही. चहा प्यायले आणि निघाले. मला वाटलं होतं, मी फक्त जागा भरली. फादरांनी माझं नाव शाईने लिहून ठेवलं, हे मला कोणी सांगितलंच नाही.

देवासमोर शब्द दिला आणि बत्तीस वर्षं चौकशी केली नाही. उशीर झाला हे खरं. पण आता आले आहे. तुम्ही कसे आहात?

तुमची धर्ममाता

१९ ऑगस्ट

बाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. मी लिफ्ट दुरुस्त करतो, त्यामुळे अचानक वर जाणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास कमी आहे. एखाद्या संस्थेसाठी मदत हवी असेल तर तसं सरळ लिहा. प्रार्थनासभेला बोलावायचं असेल तर रविवारी माझी पाळी असते.

दाखल्यातल्या रेघा मला बरोबर वाटल्या होत्या. माझ्यासाठी कोणी उभं राहिलं असेल, असं मला आजवर वाटलेलं नाही. तुम्ही जागा भरलीत, ती भरून झाली. त्याचं ओझं बाळगू नका. मी ठीक आहे.

कळावे.

२७ ऑगस्ट

लिफ्टवाल्या,

‘तुम्ही’ सोडलं, राग मानू नकोस. लोक नुसतं म्हणतात की मी तुझ्या बारशाला जेवले आहे. मी खरोखर चहा प्यायलेली आहे, तेवढा हक्क मला आहे.

मला काही नको. संस्था नाही, सभा नाही. माझं दुकान चौदा फूट लांब, नऊ फूट रुंद आहे, आणि एक मांजर सोडलं तर मला कोणाची जबाबदारी नाही. म्हणूनच मी इतकी मोकळी आहे की आता तू सुटणार नाहीस.

‘ठीक आहे’ हे उत्तर मला गिऱ्हाईकही देतात. पुस्तक ठीक आहे म्हणतात, आणि मी कणा वाकवून पाहिला की आतले फर्मे दोऱ्यावर लोंबकळत असतात. फर्मा म्हणजे दुमडलेल्या पानांचा गठ्ठा. असे गठ्ठे एकमेकांना शिवले की पुस्तक होतं. नुसतं चिकटवलेलं पुस्तक चार दिवस छान दिसतं. तर, तू शिवलेला आहेस की चिकटवलेला? आणि दाखला कशासाठी हवा होता? माणसं बहुधा लग्नासाठीच मागवतात.

उत्तर नाही दिलंस तरी मी दर महिन्याला लिहीन. मी चिवट आहे, धंद्यानेच.

सरसबाई

२१ सप्टेंबर

सरसबाई,

तुमचं पत्र तीन आठवडे खिशात होतं. कामाचे कपडे धुवायला टाकताना ते प्रत्येक वेळी बाहेर काढावं लागायचं, तेव्हा म्हटलं उत्तर दिलेलं परवडलं.

दाखला लग्नासाठीच हवा होता. तारीख आठ नोव्हेंबर ठरली आहे. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. चांगली आहे, माझ्यापेक्षा पुष्कळ हुशार आहे. आणि मी हे लग्न मोडायचं ठरवलं होतं. तिला अजून सांगितलेलं नाही.

कारण विचाराल, म्हणून सांगतो. मी सहा वर्षांचा असताना आई गेली. वडिलांनी मला वसतिगृहात ठेवलं आणि म्हणाले, पंधरा दिवसांत येतो. ते पंधरा दिवस अजून चालू आहेत. वसतिगृहात भेटीचा नियम कडक होता, रक्ताच्या नातेवाइकांनाच आत सोडत. शनिवारी बाकीच्या मुलांकडे माणसं यायची. माझ्या वाट्याला फक्त नळ दुरुस्त करणारा यायचा.

तो तुमच्याच चर्चचा घंटेवाला. तुम्ही ओळखत असाल, तळहातांना दोराचे घट्टे असलेला. महिन्याच्या पहिल्या शनिवारी दोन तास गाडीने यायचा आणि मागच्या अंगणातला एकच नळ दुरुस्त करायचा. मला पाना धरायला लावायचा आणि तेच तीन प्रश्न विचारायचा: जेवलास का, बूट लहान झाले का, प्रार्थना केलीस का. माणूस भला होता, पण कारागीर म्हणून शून्य. नऊ वर्षं एकच नळ! महिना संपायच्या आत तो परत ठिबकायला लागायचा. कदाचित त्याचं काम बघूनच मी ठरवलं असेल की आपण यंत्रं नीट दुरुस्त करायची.

असो. दाखला आला आणि त्या दोन रेघा बघून मला वाटलं, हे आपल्या रक्तातच आहे. ज्याला कोणी शब्द दिला नाही, तो दुसऱ्याला काय देणार? तेवढ्यात तुमचं पत्र आलं.

आता एकच विचारतो. तुम्ही दुसरीच्या जागी उभ्या होतात, नाव माहीत नाही, बाळ पाहिलेलं नाही. असा शब्द धरला जातो का?

२८ सप्टेंबर

अरे बाबा,

धरला जातो.

इतकं लिहून पत्र संपवणार होते, पण तू यंत्राचा माणूस आहेस, तुला आतलं दाखवावं लागेल.

मी ‘होय’ म्हटलं तेव्हा मला अक्कल नव्हती, हे मान्य. पण ऐकणाऱ्याला होती. आपल्या धर्मात सगळी भिस्त त्यावर आहे. देवाने माणसाला शब्द दिला तेव्हा माणूस काही फार लायक होता असं नाही. आपण तो कितीदा मोडला त्याला सुमार नाही. त्याने आपल्या बाजूचं टोक सोडलं नाही. आपण त्याला करार म्हणतो, पण कचेरीतला करार एकाने मोडला की दुसरा सुटतो. हा करार तसा नाही. म्हणून मी म्हणते की शब्द देणारा कच्चा असला तरी चालतं, साक्षी पक्का लागतो. माझा साक्षी पक्का होता.

आणि रक्ताचं म्हणशील तर दुधाने तोंड पोळलं म्हणून तू ताक फुंकतो आहेस, ते मला समजतं. पण तिने काय केलंय? तुझ्या बापाचे पंधरा दिवस तू तिच्या माथी मारू नकोस. तुला लग्न नको असेल तर तसं तिच्या तोंडावर सांग. नुसतं भ्यायला असशील तर तेही सांग. दोन्ही एकच आहे असं स्वतःला भासवू नकोस.

घंटेवाल्याला मी ओळखत होते. कमी बोलायचा. तो नळ दुरुस्त करायचा हे मला ठाऊक नव्हतं.

तुझी धर्मआई

८ ऑक्टोबर

धर्मआई,

तिला सांगितलं. सगळं: मोडणार होतो हेही, आणि भ्यायलो हेही. तिने चष्मा पुसून परत लावला आणि म्हणाली की तिला लांबचं बरं दिसतं, आणि लांबवर मीच दिसतो आहे. लग्न होणार. येत्या रविवारपासून तीन रविवार चर्चमध्ये आमची नावं वाचतील.

लिफ्टमध्ये घाबरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी नेहमी सांगतो की डबा एका दोरावर लटकत नाही. पाच दोर असतात आणि त्यातला एकेकटाही सगळं वजन पेलू शकतो. हे सांगताना मला स्वतःबद्दल वाटायचं, आपल्याला एकही नाही. आता एक आहे. तुमचा. तेवढ्यावर मी हो म्हटलंय.

पहिल्या बाकावर मुलाच्या आईची जागा असते. तिथे तुम्ही बसायचं. नाही म्हणू नका, तुम्हाला दुसरीच्या जागी उभं राहायची सवय आहे.

२५ ऑक्टोबर

माझ्या मुला,

हे पत्र बसून वाच. शिडीवर असशील तर आधी खाली उतर.

मी तुझी धर्ममाता नाही.

शाळेची पुस्तकं संपवून काल नोंदवही शिवायला घेतली. या वहीला कीड लागली होती. खरा पुस्तकी किडा पानांतून तिरपा पोखरत जातो, प्रत्येक पानावर भोक केसभर खाली सरकतं. मी दाभण हातात घेतला, शिवण्याआधी सवयीने पानं दिव्यासमोर धरली, आणि ते भोक एका पानावर एकदम खाली गेलं आणि पुढच्या पानावर परत वर आलं. कोपरे झिजल्यामुळे पानांचे आकडे गेले आहेत. ती दोन सुटी पानं मी एकमेकांच्या जागी लावली होती. बत्तीस वर्षांच्या कामात हे पहिल्यांदा झालं, आणि का झालं तेही सांगते. मला माझं नाव दिसलं आणि मी पुढे काही तपासलंच नाही. मूलबाळ नसलेल्या बाईला एका ओळीत मुलगा मिळाला. तपासते कशाला!

मी ज्या बाळासाठी उभी राहिले ती एक मुलगी होती, तुझ्यानंतर पाच महिन्यांनी. तिची नोंद पुढच्या पानावर आहे.

हे पत्र मी एक दिवस लिहिलं नाही. लग्न होऊन जाऊ दे, मग सांगू, असं मनात आलं. त्याला धीर आला तो माझ्या शब्दामुळे, आता ऐन वेळी दोर का कापायचा? मग लाज वाटली. दिलेला शब्द पाळायचा असतो हे मी तुला चार पानं शिकवलं, आणि त्याच शब्दाखाली खोटं सरकवून तुला उभं करणार होते. तू ज्याच्यावर पाय ठेवणार आहेस ते खरं असलं पाहिजे, मग मी त्यात असो वा नसो.

आता पान जागेवर आहे. तुझ्या नावासमोर काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवते. धर्ममाता: रेघ. धर्मपिता: आपल्या चर्चचा घंटेवाला. खाली त्याची वाकडीतिकडी सही आहे. अख्ख्या वहीत फादरांखेरीज बाकी कोणाची सही नाही, एकट्या त्याची आहे. का, ते मला माहीत नाही.

मी रडले आहे, ते तुला कळलेलं बरं. तू येऊ नका म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही, असं मी लिहिणार नाही, कारण वाटेल.

सरसबाई

३ नोव्हेंबर

धर्मआई,

वरचं संबोधन चुकून पडलेलं नाही. पुढे वाचा.

तुमचं पत्र गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत वाचलं. आधी राग आला. वाटलं, झालं, होता तोही दोर गेला. घंटेवाल्याचं नाव वाचूनही डोक्यात प्रकाश पडला नाही. वाटलं, फादरांनी दोर ओढणाऱ्यालाच उभं केलं असेल, दुसरं कोणी नव्हतं म्हणून. संध्याकाळी तिला घरी बोलावून पत्र दाखवलं, आणि ग्रीस काढायला नळाखाली हात धरला. नळ बंद करता करता हात थांबला.

नळाच्या आत रबराची एक चकती असते. एका बाजूने झिजली की उलटून बसवायची, मग नळ नीट चालतो. झिजलेलीच बाजू खाली ठेवली तर दोनतीन आठवड्यांत परत ठिबकायला लागतो. हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. घंटेवाला दर वेळी चकती काढायचा, पुसायचा, आणि झिजलेली बाजू खालीच ठेवून परत बसवायचा. मी पाना धरून शेजारी उभा असायचो, नऊ वर्षं हे माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला दिसत नाही.

चर्चची घंटा, जिन्याचे कठडे, घड्याळ, सगळं तो एकटा सांभाळायचा. त्याला चकतीची बाजू कळत नव्हती?

रक्ताच्या नातेवाइकांखेरीज कोणाला आत सोडत नव्हते, आई. धर्मपिता हे नातं वॉर्डनच्या यादीत नव्हतं. पण नळ ठिबकत असला की दुरुस्त करणाऱ्याला कोण अडवणार? नळ एकदा नीट झाला असता तर तो परत आलाच नसता. म्हणून त्याने तो नीट होऊ दिला नाही. काम चोख येत असून नऊ वर्षं वसतिगृहाच्या लोकांकडून अडाणी म्हणवून घेतलं, आणि मीही हसायचो. तो गेला तेव्हा मी लिफ्टचं काम शिकत होतो. अंत्यविधीला गेलो नाही. नळवाल्याच्या अंत्यविधीला कोण रजा काढतं?

मी स्वयंपाकघरात खाली बसलो. बराच वेळ रडलो. ती शेजारी बसली आणि म्हणाली, “तू बापाचे पंधरा दिवस मोजत आयुष्य काढलंस. या माणसाचे शनिवार मोज.” मोजले. शंभराच्या वर भरतात.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. मला कोणी शब्द दिला नाही असं मी सगळ्यांना सांगत फिरलो, आणि तो दिलेला होता, पाळलेला होता, मी स्वतः पाना धरून त्याला मदत केली होती. तुम्ही चुकलात म्हणून मला हे कळलं. पानं बरोबर लावली असतीत तर तुम्ही मला पत्रच लिहिलं नसतंत.

आता तुमच्याबद्दल. पान जागेवर आलं तरी धर्ममातेच्या रकान्यात रेघच आहे ना? मी फादरांना फोन केला. ते म्हणाले, जुन्या वहीत आता भर घालता येत नाही. मी म्हटलं, वहीत नको, पहिल्या बाकावर चालेल. चर्चमध्ये तुम्ही न बघता तीनदा होय म्हणालात. मला तुम्ही नाव, पत्ता आणि सगळी रडगाणी माहीत असताना होय म्हणालात. यातलं कुठलं जास्त धरायचं ते तुमच्या पक्क्या साक्षीला विचारा.

शनिवारी दहाला. आधी चहा मिळेल. बोटं धुऊन या, माझा कोट नवा आहे.

तुमचा मुलगा

२० नोव्हेंबर

माझ्या दोन्ही मुलांना,

सुखरूप पोचले. मांजर रुसलं आहे. पहिल्या बाकावर मी रडणार नाही असं ठरवून गेले होते, पण तुम्ही एकमेकांना शब्द देत असताना तुझा आवाज इतका खणखणीत लागला की मागच्या रांगेतल्या बहिऱ्या आजोबांनीही मान डोलावली. मग मला राहवलं नाही. गाडीतून उतरल्यावर आधी घंटेवाल्याच्या कबरीवर गेले, तू दिलेली फुलं ठेवली आणि त्याला सांगितलं, पोरगा जेवला, बूट मापाचे होते, आणि प्रार्थना मी माझ्या कानांनी ऐकली.

माझ्या खऱ्या धर्मकन्येचा पत्ता मिळाला. पत्र पाठवलं होतं, काल उत्तर आलं. एकच ओळ आहे: ‘आपला काहीतरी गैरसमज झाला असावा.’ सुरुवात चांगली आहे. तुझंही पहिलं पत्र असंच होतं.

आता एक कबुली. लग्नात मी तुम्हाला जी वही दिली, घरातली जन्म, बाप्तिस्मे आणि लग्नं लिहायची, ती मी घाईत बांधलेली नाही. सुनेने फोनवर सांगितलं की शेवटचा फर्मा आताच ढिला लागतोय, आणि तू म्हणालास की सरसबाई म्हाताऱ्या झाल्या. मी बत्तीस वर्षं वह्या बांधते, लेका. तो फर्मा मी मुद्दाम कच्चा शिवला आहे.

दुरुस्तीला मी पुढच्या महिन्यात येते. पहिल्या शनिवारी.

तुमची आई